स्वयंपाकघर नसलेलं हॉटेल

मी हे लिहावं का, याबद्दल अजून माझी खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई घरी शिवणकाम करते, आणि आमच्याकडची पुस्तकं म्हणजे माझी शाळेची पुस्तकं. लिहिणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे, असंच मला वाटत आलं. त्यातून विषय असा की स्पेनमधल्या समुद्राकाठचं आलिशान हॉटेल कसं निवडावं. ते हॉटेल मी पाहिलेलं नाही. स्पेनलाही मी गेलेलो नाही. तेव्हा अधिकार कसलाच नाही, आणि वाचकांनी त्याबद्दल आधीच माफ करावं. पण ते हॉटेल निवडलं मात्र मी होतं, आणि त्या निवडीपायी माझ्या जिवाला जो घोर लागला होता तो कुठेतरी सांगावासा वाटतो.

तेव्हा मी मिशिगनमध्ये एमएस करत होतो आणि डेट्रॉइटजवळ नोव्हाय नावाच्या गावी एका मराठी काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. काका पुण्याचे. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. सीट पुढे-मागे सरकवायला खाली जो दांडा असतो, त्यावर त्यांनी उभी हयात घालवली होती. कुणाच्याही गाडीत बसले की आधी खाली हात घालून तो दांडा ओढून बघायचे. काकू सोलापूरच्या. लग्नानंतर त्या डिपेंडंट व्हिसावर आल्या, आणि पहिली कितीतरी वर्षं त्यांना नोकरी करायची परवानगी नव्हती. मग लायब्ररीत जे जे फुकट शिकवायचे ते ते त्या शिकल्या. त्यात एक स्पॅनिशचा वर्ग होता. तो त्यांच्या मनात राहिला. घराचं छप्पर बदलायला मेक्सिकन कामगार आले की काकू पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर जायच्या आणि बराच वेळ आत यायच्या नाहीत.

पण त्यांना ओळखायचे ते सगळे जेवणावरून. आमच्या युनिव्हर्सिटीत महाराष्ट्रातून येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं अमेरिकेतलं पहिलं जेवण त्यांच्या टेबलावर झालेलं. माझंही. एअरपोर्टवरून आल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "काय खाशील? वरणभात लावू की पोळी चालेल?" मला आयुष्यात कुणी असं पर्याय देऊन विचारलेलं नव्हतं. मी गोंधळून "काहीही" म्हणालो. "काहीही नावाचा पदार्थ मला येत नाही हं," त्या म्हणाल्या.

त्यांचं स्वतःचं ताट मात्र वेगळंच असायचं. न फुगलेली पहिली पोळी त्यांची, तव्यावर करपलेली त्यांची, कुकरच्या तळाला लागलेला भात त्यांचा. चांगलं काही ताटात उरलंच, तर जेवता जेवता ते शेजारच्याच्या पानात जायचं. हे कुणाच्या लक्षात येत नसे. माझ्याही नाही. आमच्या घरी आईचं ताट असंच असतं.

त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. मुलगी सांता क्लाराला नोकरी करायची. तिचा एका रविवारी फोन आला आणि काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, धिस टाइम नॉट इंडिया. प्लीज."

"अगं, पण रजा तेवढीच असते. आजीला भेटायला नको?"

"यू वेंट इन डिसेंबर! बाबा, यू गाइज हॅव नेव्हर टेकन अ व्हेकेशन. इंडिया इज नॉट अ व्हेकेशन. इट्स डिलिव्हरी सर्व्हिस."

हे खरंच होतं. दर खेपेला चार मोठ्या बॅगा भेटवस्तूंनी भरून जायच्या आणि मसाल्यांनी भरून परत यायच्या. काका हसले. मग अचानक ओट्याकडे वळून म्हणाले, "बोला, मॅडम. कुठे जायचं?"

काकू कणीक मळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. पण उत्तर जणू तयारच होतं.

"स्पेन. समुद्र दिसेल असं काहीतरी. चांगल्या हॉटेलात."

"चांगल्या म्हणजे?"

"म्हणजे चांगल्या," काकू म्हणाल्या. "एकदाच. मग परत नाही म्हणणार."

मी तिथेच चहा पीत बसलो होतो. काकांनी माझ्याकडे बोट केलं. "तू रिसर्च असिस्टंट ना रे? मग असिस्ट कर."

मी तोवर पैसे देऊन एकदाच बाहेर मुक्काम केला होता, तोही व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईत, दादरच्या एका लॉजवर. चादर घरून नेली होती. पण नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला फार अभिमान वाटला. इतकी मोठी गोष्ट त्यांनी माझ्यावर सोपवली होती. मी ती थीसिससारखी मनावर घेतली. लॅबमधून आलो की लॅपटॉप उघडून स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरची हॉटेलं बघायचो. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायचो. एक बाई लिहायची की स्वर्ग म्हणजे हाच, आणि त्याच हॉटेलबद्दल दुसरा कुणी लिहायचा की टॉवेल खरखरीत आहेत. कुणावर विश्वास ठेवावा कळत नसे. फोटोत सगळीकडे तोच पोहण्याचा निळा तलाव, त्याच्या कडेला तीच रिकामी खुर्ची. खुर्चीत माणूस कधीच नाही. माझ्या मनात मी तिथे काकूंना बसवून बघायचो. त्या बसायच्याच नाहीत. उठून टॉवेलच्या घड्या घालायला लागायच्या.

काकांनी त्यांच्या पद्धतीने एक तक्ता केला. त्यांच्या ऑफिसात सप्लायर निवडताना तसा करतात. समुद्र किती जवळ, खोली केवढी, एअरपोर्ट किती लांब, प्रत्येकाला गुण. सगळ्यात जास्त गुण त्यांनी एका गोष्टीला ठेवले होते: खोलीत स्वयंपाकघर हवं.

"आपण व्हेजिटेरियन माणसं," काका म्हणाले. "तिकडे सगळ्यात मासे घालतात. भातातसुद्धा. स्मोकी माउंटन्ससारखं नको व्हायला."

स्मोकी माउंटन्सची गोष्ट नोव्हायमध्ये सगळ्यांना पाठ होती. इथली आपली मंडळी फिरायला निघाली की गाडीत आधी राइस कुकर जातो, मग माणसं. त्या सहलीत काकूंनी मोटेलच्या खोलीत विजेच्या छोट्या शेगडीवर पोह्यांना फोडणी दिली आणि धुराचा अलार्म वाजला. अख्खं मोटेल पार्किंग लॉटमध्ये. बंब आला. काकू हातात झारा घेऊन उभ्या. "आणि हिने त्या फायरमनला काय विचारलं असेल?" काका दर पार्टीत इथे थांबायचे. "लिंबू पिळू का?" सगळे हसायचे. काकूही हसायच्या, आणि हसता हसता कुणाला तरी आणखी वाढायच्या.

तेव्हा स्वयंपाकघराचं महत्त्व मला पटलेलंच होतं. बऱ्याच शोधानंतर दोन हॉटेलं उरली. एक जुनं, पांढरं, खडकावर बांधलेलं. त्याची जेवणाची गच्ची थेट पाण्यावर आलेली. पण खोलीत साधी चहाची किटलीसुद्धा नाही. दुसरं नवं कोरं रिसॉर्ट, खोलीला जोडून स्वयंपाकघर, चार शेगड्या, ओव्हन, भांडी, सगळं. तक्त्यात दुसरं पुष्कळ पुढे होतं. काकांनी तेच बुक केलं, आणि काकूंना फोटो दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

"काकू, हे बघा. चार बर्नर आहेत! आणि एक्झॉस्ट फॅनपण. फोडणी दिली तरी अलार्म नाही वाजणार."

काकूंनी हात पुसले, चष्मा लावला आणि बघितलं. "छान आहे रे. ओटा मोठा आहे."

"फ्रिजही मोठा आहे."

"हो." त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "ओट्यापाशी उभं राहिलं की समुद्र दिसतो का?"

मी प्लॅन बघून ठेवला होता. "बेडरूममधून दिसतो. किचनची खिडकी पार्किंगकडे आहे."

"असू दे," त्या म्हणाल्या. "एवढं शोधलंस. जेवून घे."

मला वाटलं, त्यांना आवडलं.

ऑगस्ट उजाडला. नव्या मुलांच्या तुकड्या यायला लागल्या आणि टेबल रोज भरायला लागलं. काकूंनी ओट्याच्या एका कोपऱ्यात स्पेनला न्यायच्या वस्तू काढून ठेवल्या होत्या: छोटा कुकर, गोडा मसाला, हिंग, पोळपाट नाही पण लाटणं. लाटणं घेताना त्या म्हणाल्या, "उलट्या ताटावर लाटेन," आणि कुणी काही विचारलेलं नव्हतं.

कपडे धुवायचं मशीन बेसमेंटमध्ये, माझ्या खोलीच्या भिंतीला लागून होतं. एका शनिवारी दुपारी मी अभ्यास करत होतो आणि पलीकडे काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सोबत त्यांचा जुना कॅसेट प्लेयर चालू होता, त्यात स्पॅनिश शिकायची टेप. शिकवणारा माणूस इंग्रजीत म्हणाला, आता तुम्ही रेस्टॉरंटमध्ये आहात. वेटर तुम्हाला विचारतो आहे, मॅडमना काय हवं? मग एक दुसरा, भारदस्त आवाज स्पॅनिशमध्ये तेच विचारायचा आणि उत्तरासाठी टेप थोडी शांत राहायची.

त्या शांततेत काकू म्हणाल्या, "सिन कार्ने, सिन पेस्कादो, पोर फावोर." मांस नको, मासे नकोत, प्लीज.

टेप मागे गेली. पुन्हा तोच भारदस्त प्रश्न. पुन्हा काकूंचं उत्तर, आता जरा ठसक्यात. असं बऱ्याचदा झालं. मग त्या स्वतःशीच हसल्या आणि त्या टेपमधल्या वेटरला चक्क मराठीत म्हणाल्या, "आणि भात जरा मऊ आण हो बाबा. टचटचीत नको."

मी भिंतीच्या अलीकडे पेन हातात धरून बसून राहिलो. मी निवडलेल्या हॉटेलात त्यांना हा प्रश्न विचारणारं कुणीही असणार नव्हतं. तिथेही "काय खाणार?" हे त्याच विचारणार होत्या. पार्किंगकडे बघत.

पण हे सांगायचं कसं? मी त्यांच्या घरात राहणारा विद्यार्थी. भिंतीआडून ऐकलेल्या चार शब्दांवरून पंचवीस वर्षांच्या संसाराबद्दल बोलणारा मी कोण? कदाचित त्या नुसता सराव करत असतील. शेवटी बुकिंग बदलायची मुदत संपत आली तेव्हा धीर केला. काका गॅरेजमध्ये गवत कापायचा लॉन मोअर उलटा करून त्याचं पातं साफ करत होते.

"काका, ते हॉटेल... मला वाटतं ते पांढरं घ्यायला हवं होतं."

"का? टॉवेल खरखरीत निघाले?"

"नाही. तिथे किचन नाही, म्हणून."

काकांनी वर बघितलं. मी ऐकलेलं जमेल तसं सांगितलं. टेप, वेटर, मऊ भात. सांगताना माझे कान तापले होते.

"तिने तुला सांगितलं असं?"

"नाही. त्या काहीच म्हणाल्या नाहीत."

"तेच तर. म्हणाली असती ना मला. पंचवीस वर्षांत..." एवढं बोलून ते थांबले आणि पातं घासत राहिले. मग जरा चिडूनच म्हणाले, "आणि मी काय खाऊ तिथे? मला दोन दिवस वरण मिळालं नाही की ॲसिडिटी होते, माहितेय ना तुला?"

"हो काका."

"सकाळचा चहा पण नाही?"

"खोलीत नाही. खाली मिळतो."

"खाली," काका म्हणाले. मग मोअर सरळ केला, हात पँटला पुसले. "चल. लॅपटॉप आण."

त्या तक्त्यात त्यांनी स्वयंपाकघराचे गुण स्वतःच्या हाताने शून्य केले. पांढरं हॉटेल वर आलं. मी म्हटलं, काकूंना तुम्ही सांगा, त्यांना किती बरं वाटेल. काका हो म्हणाले. पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी जे सांगितलं ते असं: "अगं, ते किचनवालं फुल झालं. कॅन्सल केलं त्यांनी. आता दुसरं घेतलंय. तिथे किचन नाही."

मी आमटीच्या वाटीत बघत बसलो. काकूंची पोळी तव्यावर होती, ती तशीच राहिली.

"अगं बाई! मग तुम्ही काय खाणार?"

"ब्रेड खाईन."

"दहा दिवस ब्रेड? अहो, पोट बिघडेल तुमचं. दुसरीकडे बघा ना. काय रे, दुसरं नाही का मिळत कुठे किचनचं?" हे मला.

मी नाही म्हणालो. पोळी करपली होती. काकूंनी ती स्वतःच्या ताटात घेतली.

त्यानंतर निघेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधायचा मी फार प्रयत्न केला. मला काळजीच दिसली. त्यांनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, मेतकुटाचा डबा भरला. त्याच उन्हाळ्यात विमानात पातळ पदार्थ न्यायला बंदी आली होती. तूप हँडबॅगेतून काढून मोठ्या बॅगेत ठेवताना त्या तीनदा म्हणाल्या की फुटायला नको. कुकर मात्र आता नेऊन उपयोग नव्हता, आणि तो कपाटात परत ठेवताना त्यांनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की हळहळीचा, मला कळलं नाही. मी त्यांना डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर सोडलं. काका ट्रॉली आणायला गेले तेव्हा काकू मला हळूच म्हणाल्या, "किचन असतं तर बरं झालं असतं रे. ह्यांचं कसं होणार?"

परतीच्या रस्त्यावर मी रेडिओही लावला नाही. चार शब्द ऐकून मी भलतंच समजलो होतो. त्यांना हवं ते मिळालेलं होतं आणि ते मी हिसकावून घेतलं होतं.

काकू फ्रिजमध्ये माझ्यासाठी डबे ठेवून गेल्या होत्या, प्रत्येकावर चिठ्ठी. घर इतकं शांत मी कधी अनुभवलं नव्हतं. नव्या मुलांचे फोन यायचे, "काकू आहेत का?" आणि नाहीत म्हटलं की पलीकडे जी शांतता पसरायची ती भुकेची असायची. दोघा-तिघांना मी खिचडी करून घातली. वाढताना माझ्या तोंडून आपसूक गेलं, "आणखी घे ना."

काकांचा एक ईमेल आला: पोचलो. रूम ठीक. कढीपत्त्याला पाणी घाल. एवढाच. काकूंबद्दल शब्द नाही. मी कढीपत्त्याला पाणी घातलं. मग पुन्हा काही नाही. सांता क्लाराहून मुलीचा फोन आला. "डिड दे कॉल यू? दे हॅवन्ट कॉल्ड मी." मी म्हटलं, नाही. "इज दॅट गुड ऑर बॅड?" तिने विचारलं.

शेवटी एका सकाळी मी ब्रेड भाजत असताना फोन वाजला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी हसत होतं, आणि काका अमेरिकेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणून ओरडत होते.

"अरे, तुझ्या काकूने काय केलं माहितेय का?"

"काय झालं काका?"

"भात परत पाठवला!"

"काय?"

"परत! काल जेवायला बसलो, गच्चीवर, खाली समुद्र. तो वेटर येतो, मला विचारतच नाही हल्ली काही, थेट हिच्याशी बोलतो. तर हिने भात मागवला. भाज्यांचा. आला. हिने एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि त्याला बोलावलं. मी म्हटलं, अगं राहू दे, खाऊन टाकू. तर मला म्हणते, थांबा हो. आणि त्याला स्पॅनिशमध्ये काय काय सांगितलं बाबा! एवढा मोठा तो माणूस, मान हलवत ताट घेऊन गेला. इतका वेळ लागला दुसरा यायला. ही आपली बसलीय, हातावर हात ठेवून, पाण्याकडे बघत. एकदाही उठली नाही."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, पुरे झालं. त्याने खाल्लं का विचारा."

"तू खाल्लंस का, विचारतेय."

"हो, हो. आणि तुमचं काय, काका? तुम्ही काय खाताय?"

"मी? ब्रेडवर टोमॅटो घासून देतात इथे. वर तेल. मस्त लागतं रे. दशम्या तशाच आहेत."

मी टोस्टरजवळच्या स्टुलावर बसलो. ब्रेड केव्हाच वर आला होता.

"मग दुसरा भात?" मी विचारलं. "तो कसा होता? मऊ होता?"

"मला काय माहीत?" काका म्हणाले. "मला दिला कुठे तिने? सगळा एकटीने खाल्ला."